कमानींखालचा रस्ता : दादाभाई नौरोजी मार्गाच्या निमित्ताने

क्रॉफर्ड मार्केटपासून हुतात्मा चौकापर्यंतचा दादाभाई नौरोजी मार्ग जेमतेम दीड किलोमीटरचा. रमतगमत चाललात तरी अर्ध्या तासात संपतो. पण एवढ्या अंतरात एक मंडई, एक कलाशाळा, एक वर्तमानपत्र, महापालिकेचे मुख्यालय, जगाच्या वारशात नोंद झालेले रेल्वे स्थानक, अग्यारी, ग्रंथालये, महाविद्यालये आणि शेकडो दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. रोज लाखो माणसे लोकलमधून उतरून या रस्त्याने कामावर जातात. त्यांतली फार थोडी मान वर करून बघतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ९.१२ची लोकल उशिरा आलेली असताना मनोऱ्यावरचे नक्षीकाम कोण बघत बसणार?

या रस्त्यावरच्या इमारतींविषयी आजवर लिहिले गेले ते बहुधा एकेका इमारतीविषयी. स्थानकावर ग्रंथ आहेत, महापालिकेच्या वास्तूवर आहेत. दुकानांबद्दल मात्र जुन्या मुंबईच्या आठवणींत येता-जाता उल्लेख येतो तेवढाच. हे पुस्तक संपूर्ण रस्त्याकडे एक वस्तू म्हणून पाहते. रस्त्याला एकत्र बांधणारी गोष्ट कोणती, असा प्रश्न घेऊन ते पुढे जाते, आणि त्याचे उत्तर इमारतींच्या माथ्यावर सापडत नाही, तळमजल्यावर सापडते. दुकानाचे दार आणि वाहनांचा रस्ता यांच्यामध्ये कमानींखालून जाणारी जी सलग वाट आहे, ती या रस्त्याची खरी कमाई. कोकणातल्या घराची ओटी जशी घरातही मोडत नाही आणि अंगणातही नाही, तशी ही वाट. तिच्यावर मालकी खासगी, वावर सगळ्यांचा. तिथे कोणी उभे राहायचे, कोणी विकायचे आणि कोणी नुसते पुढे जायचे, याची गेल्या सव्वाशे वर्षांतली ओढाताण म्हणजेच या रस्त्याचा इतिहास, असे माझे मत आहे. पुढची सगळी प्रकरणे त्या मताच्या आधारावर रचली आहेत.

रस्त्याचा जन्म एका भिंतीच्या पाडकामातून झाला. 1715नंतर गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात मुंबईच्या वस्तीभोवती तटबंदी बांधायला सुरुवात झाली. तिला तीन दरवाजे होते : अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. आज 'फोर्ट' म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे किल्ला येत नाही, पण दीडशे वर्षे हे शहर खरोखर तटाच्या आत कोंडलेले होते. 1803च्या आगीत किल्ल्याच्या उत्तरेकडची दाट वस्ती होरपळली, तरी माणसे पुन्हा तिथेच घरे बांधत राहिली. तटाच्या आतल्या अंगाला एक चिंचोळी वाट होती. 1771 ते 1784 या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबीचे नाव तिला मिळाले. वरळीकडची खाडी बांध घालून अडवणारा हॉर्नबी तो हाच.

1862 साली बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा ओसंडू लागला. तटबंदीचा लष्करी उपयोग केव्हाच संपला होता, उरली होती ती अडचण. फ्रिअरने तट पाडायला लावला. चर्च गेट जिथे होते त्या जागी 1864 साली फ्लोरा फाउंटन उभे राहिले आणि तटालगतची चिंचोळी वाट रुंद होऊन हॉर्नबी रोड झाली. 1865 साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजारात भल्याभल्यांची दिवाळी निघाली. रस्ता आखून झाला होता, पण दुतर्फा बांधकामाला खरा जोर आला तो 1885नंतर, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे तो टिकला.

या बांधकामाच्या मध्यावर, 1896 साली, सरकारने कायद्याने एक बंधन घातले : या रस्त्यावर इमारत बांधणाऱ्याने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट ठेवलीच पाहिजे. खालची जागा चालणाऱ्यांना द्यायची, वरचे मजले मात्र त्या वाटेच्या डोक्यावरून थेट रस्त्याच्या कडेपर्यंत आणायचे. मालकाचे वर फारसे काही गेले नाही आणि शहराला छपराखालचा पदपथ मिळाला. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात याची किंमत वेगळी सांगायला नको. पाऊस असो वा मे महिन्यातले ऊन, गिऱ्हाईक दुकानांच्या काचांसमोरून कोरडे आणि सावलीत चालू लागले. सरकारी नियम आणि दुकानदाराचा नफा एकाच दिशेने चालल्याची उदाहरणे आपल्याकडे मोजकीच. त्यांतले हे एक.

बाकी सगळे मालकाच्या आणि वास्तुतज्ज्ञाच्या मर्जीवर होते. म्हणून या रस्त्यावर शेजारीशेजारी टोकदार गॉथिक कमानी दिसतात, इंडो-सारासेनिक घुमट दिसतात, निओक्लासिकल खांब दिसतात आणि एडवर्डच्या काळातला भरदार थाटही दिसतो. दगडही एकसारखा नाही. कुर्ल्याचा, मालाडचा पिवळसर, पोरबंदरचा दुधी, आणि पायाला व जोत्याला आपला काळा बेसाल्ट. एवढी विविधता असूनही रस्ता विस्कटलेला वाटत नाही, कारण तळाला कमानींची माळ अखंड आहे. प्रत्येकाला हवे तसे बोलू दिले, पण सूर एक लावून दिला.

उत्तरेकडच्या भव्य सार्वजनिक वास्तू बहुतेकांना माहीत आहेत, म्हणून त्यांच्यावर इथे थोडक्यात लिहितो. क्रॉफर्ड मार्केट 1869 साली पुरे झाले. पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव जाऊन आता तिथे महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. दारावरची शेतकऱ्यांची आणि बाजाराची शिल्पे लॉकवूड किपलिंगची, जो समोरच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत असे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे म्हाताऱ्या मुंबईकरांचे 'बोरीबंदर' आणि मधल्या पिढीचे 'व्हीटी', 1878 ते 1888 अशी दहा वर्षे बांधले जात होते. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा. पण जागेवर उभे राहून काम करवून घेणाऱ्यांत सहायक अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते, आणि भिंतींवरचे प्राणी, पक्षी, पाने-फुले कोरण्यात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात होता. स्टीव्हन्सबरोबर या नावांचाही उच्चार व्हायला हवा. समोरचे महापालिका भवन स्टीव्हन्सचेच, 1893चे. त्याला मंजूर झालेला खर्च 11,88,082 रुपये होता आणि प्रत्यक्षात लागले 11,19,969. सरकारी काम मंजूर रकमेहून अडुसष्ट हजारांनी स्वस्तात झाले! आजच्या वाचकाला घुमटापेक्षा हे आश्चर्य मोठे वाटेल. त्याच रांगेत अंजुमन-ए-इस्लामची शाळा आहे आणि पलीकडे टाइम्स ऑफ इंडियाची इमारत. 1962 साली 'महाराष्ट्र टाइम्स' याच इमारतीतून निघू लागला. मराठी वाचकाचे या रस्त्याशी नाते जुळले ते बरेचसे तिथून.

स्थानकाच्या समोर कॅपिटॉल आहे. 1879 साली गेइटी थिएटर म्हणून सुरू झालेली ही वास्तू पुढे चित्रपटगृह झाली. तिच्याच खाली 'आराम'चा वडापाव मिळतो. गाडी सुटायला सात मिनिटे आहेत आणि हातात गरम वडापाव आहे, हा मुंबईकराचा व्हीटीशी असलेला खरा परिचय. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत त्याला जागा मिळाली नाही. इथे मुद्दाम दिली आहे.

स्थानक ओलांडून दक्षिणेकडे निघालो की रस्त्याचा रंग बदलतो. हा पट्टा पारशी समाजाच्या दानशूरपणाने घडवला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी 1849 साली स्थापन केलेली पारशी परोपकारी संस्था, जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटचे 1898चे ग्रंथालय, आणि 1881ची वाच्छा अग्यारी. या अग्यारीसमोर दोन मिनिटे थांबावे. दाराच्या दोन्ही अंगांना पंख असलेले, माणसाच्या डोक्याचे, दाढीधारी बैल उभे आहेत. प्राचीन इराणच्या आणि असिरियाच्या राजवाड्यांतून उचललेली ही कल्पना. अडीच हजार वर्षांपूर्वीचे ते द्वारपाल फोर्टमधल्या टॅक्सींच्या हॉर्नकडे निर्विकारपणे पाहत असतात. बिगर-पारशी माणसाला आत प्रवेश नाही, म्हणून इथे दर्शनी भिंतीलाच सगळे सांगावे लागते, आणि ती ते सांगते.

आता दुकाने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉर्नबी रोडवर खरेदीला जाणे म्हणजे प्रतिष्ठेची गोष्ट होती. 'व्हाइटअवे लेडलॉ' आणि 'इव्हान्स फ्रेझर' ही इथली मोठी डिपार्टमेंटल स्टोअर्स. कापड, टोप्या, बूट, चिनी मातीची भांडी, प्रवासी पेट्या असे सगळे एका छपराखाली, आणि भाव ठरलेला. घासाघीस हा ज्या गिऱ्हाइकाचा स्थायीभाव, त्याला ठरलेल्या भावाची पाटी दाखवणारी ही दुकाने नवी शिस्त लावत होती. व्हाइटअवेत उधारीही चालत नसे. मोठमोठ्या काचांमागे माल मांडून ठेवायचा आणि कमानीखालून जाणाऱ्याला थांबवायचे, ही कला मुंबई या रस्त्यावर शिकली. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्यालाही बघायला मनाई नव्हती. 1877पासूनची 'लॉरेन्स अँड मेयो' ही चष्म्यांची पेढी आजही या रस्त्यावर आहे. त्या काळच्या नावांपैकी टिकून राहिलेली अशी नावे आता हाताच्या बोटांवर मोजावी लागतात.

विलायती मालाच्या या पेठेला पुढे दादाभाई नौरोजींचे नाव मिळाले, हा इतिहासाने केलेला विनोद समजावा. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते याचा हिशेब आयुष्यभर मांडणारा, 1901 साली त्यावर भलामोठा ग्रंथ लिहिणारा हा माणूस. आणि ज्या काउंटरांवरून ती संपत्ती सुटी होऊन निघून जायची, त्याच रस्त्यावर त्याचे नाव. पण विनोद इथे संपत नाही, कारण दुकानांनीही कूस बदलली. 1906 साली, स्वदेशी चळवळीच्या ऐन भरात, जवळच बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स उघडले. स्वातंत्र्यानंतर व्हाइटअवे लेडलॉच्या 1905च्या इमारतीत खादी भांडार आले. मँचेस्टरचे कापड ज्या मजल्यावर विकले गेले, तिथेच हातसुताची ठाणे रचली गेली. जीजीभॉय कुटुंबाच्या फोर्ट हाउसची गोष्ट तशीच : आधी सरदारी निवासस्थान, मग इव्हान्स फ्रेझरचे दुकान, मग हँडलूम हाउस. 1982च्या आगीत ती वास्तू आतून जळून गेली. दर्शनी भाग राखून मागे नवे बांधकाम झाले. चेहरा जुना आणि शरीर नवे, हा तोडगा योग्य की अयोग्य यावर जाणकारांचे एकमत नाही. या पुस्तकातले एक प्रकरण त्याच वादाला दिले आहे.

दुकानांच्या डोक्यावर मात्र वेगळेच जग होते. वरच्या मजल्यांवर विमा कंपन्या, सॉलिसिटर, दंतवैद्य, टंकलेखनाचे वर्ग, मासिकांच्या कचेऱ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, आणि पुढे ते याच रस्त्यावरच्या इमारतींत आले. त्या इमारती आज बुद्ध भवन आणि आनंद भवन म्हणून ओळखल्या जातात. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणाला शिकता यावे म्हणून तिथले वर्ग सकाळी भरत. गिरणगावातून आणि बी.डी.डी. चाळींतून पहाटे निघालेला मुलगा दुकानांची शटरे वर जाण्याआधी या कमानींखालून वर्गात पोहोचत असे. साहेबाच्या मडमेसाठी आखलेली सावली अशा रीतीने त्याच्याही वाट्याला आली. माझ्या मते या रस्त्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे, आणि तिच्यासाठी एकही दगड नव्याने घडवावा लागला नाही.

रस्त्याचे दक्षिण टोकही असेच मालक बदलत गेले. फ्लोरा फाउंटनजवळ दादाभाईंचा बसलेला पुतळा आहे. 1925 साली बसवलेला हा पुतळा बाळाजी वसंत तालीम यांनी घडवला. तालीम जे. जे.चे. म्हणजे रस्त्याच्या उत्तर टोकाला शिकलेल्या शिल्पकाराचे काम दक्षिण टोकाला उभे आहे. त्याच परिसराने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला गोळीबार पाहिला, आणि आज चौकाचे नाव हुतात्मा चौक आहे. रोमन देवतेचे कारंजे आणि हातात मशाल घेतलेले शेतकरी-कामगार एकाच चौकात नांदतात. कोणी कोणाला हटवलेले नाही, हे शहाणपणाचे झाले.

आता कमानींखाली चालत जाऊ. पहिली गोष्ट पायांना कळते : फरशी बदलत राहते. एका इमारतीसमोर जुना घासलेला दगड, पुढच्या इमारतीसमोर गुळगुळीत ग्रॅनाइट, त्यापुढे सिमेंटचे ठिगळ आणि मध्येच दोन इंचांची पायरी, जिथे नवखा माणूस हमखास ठेचकाळतो. वाट सगळ्यांची, पण दुरुस्ती ज्याची त्याची, याचा पुरावा दुसरा कशाला हवा? दुसरी गोष्ट खांबांवर दिसते. दगडात ठोकलेले खिळे, लोंबकळणाऱ्या केबली, बंद झालेल्या विजेच्या पेट्या, वर्षानुवर्षे दोरी बांधून पडलेले चर. त्या दोरीला फेरीवाल्याचे छप्पर. घड्याळे, पट्टे, मोबाइलची कव्हरे, कॅल्क्युलेटर, छत्र्या, आणि मधूनच जुनी पुस्तके. काचेआडच्या दुकानात जे दोन हजारांना मिळते त्याची भावंडे बाहेर दोनशेला मिळतात, आणि दुकानदार-फेरीवाल्यांचे भांडण जितके जुने तितकाच त्यांचा समझोताही. दुकान उघडायच्या वेळी दारापुढची जागा मोकळी करायची, रात्री उरलेला माल कोणाच्या तरी जिन्याखाली ठेवायचा, असले करार कुठल्याही दप्तरात सापडत नाहीत, पण पाळले जातात.

मग या इमारतींची रया का गेली? गर्दी, प्रदूषण, बेफिकिरी ही नेहमीची उत्तरे खोटी नाहीत, पण मुख्य कारण भाड्यात आहे. 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर गोठवली. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे गरजेचेच होते. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा अर्धशतक चालला. महिन्याला शे-दोनशे रुपये भाडे येणाऱ्या इमारतीच्या मालकाने पोरबंदरी दगडाची डागडुजी कशातून करायची? त्याने हात वर केले, भाडेकरूंनी पागडी देऊन गाळे घेतले आणि आपापल्या सोयीने फोडले, जोडले, पोटमाळे काढले. कमानी काचा लावून बंद झाल्या, वातानुकूलन यंत्रे बाल्कन्यांत चढली, पाट्यांनी अख्खे दर्शनी भाग झाकले. 1999च्या नव्या कायद्याने बँका आणि एक कोटीहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या संरक्षणातून वगळल्या. पण लहान दुकानदार आणि त्याचा मालक यांच्यातला पेच तसाच राहिला. दोघांनाही खलनायक न ठरवता हा पेच समजून घ्यावा, एवढी काळजी या पुस्तकात घेतली आहे.

सुधारणेची सुरुवात पाट्यांपासून झाली. 1995 साली मुंबईत वारसा वास्तूंची नियमावली लागू झाली. देशातली ही अशी पहिली नियमावली. त्यानंतर 1990च्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा अभ्यास केला. त्या कामाला एमएमआरडीएचे पाठबळ होते. सगळ्या दर्शनी भागांची मोजमापे आणि रेखाटने झाली. दुकानाची पाटी कमानीच्या आत बसावी, खांब आणि कमानीचा दगड उघडा राहावा, असे साधे नियम ठरले. खरे काम त्यानंतरचे होते : दुकानदुकानात जाऊन हे पटवणे. पाटी लहान केली तर धंदा बसेल, ही भीती खोटी नव्हती. शेजाऱ्याने केली तर मी करतो, असे प्रत्येकाचे म्हणणे. हळूहळू एकेक दुकान तयार झाले आणि झाकलेल्या कमानी दिसू लागल्या. 2004 साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. पुढे पेटिट ग्रंथालयाच्या जीर्णोद्धारालाही युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि फ्लोरा फाउंटन 2019 साली दुरुस्त होऊन पुन्हा वाहू लागले.

पाट्यांचा प्रश्न मात्र संपणारा नाही. आता दुकानांवर ठळक मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि ते रास्तच आहे. जुन्या दगडी कमानीत देवनागरी अक्षर कसे शोभेल, याचा विचार करायला आपल्याकडे अक्षरकारांची वाण नाही. जे. जे. याच रस्त्यावर आहे. फ्लेक्सच्या दुकानातून अर्ध्या तासात छापून आणलेल्या पाटीपलीकडे जायची इच्छा तेवढी हवी.

पुस्तकाची मांडणी उत्तरेकडून दक्षिणेकडे आहे. वाचकाने ते हातात घेऊन क्रॉफर्ड मार्केटपासून चालायला सुरुवात करावी अशी अपेक्षा आहे. शक्यतो रविवारी सकाळी, कारण इतर दिवशी थांबून बघणाऱ्याला मागून धक्का बसतो. इमारतीच्या प्रकरणात तिच्या मालकांइतकीच तिच्या भाडेकरूंची नोंद आहे, आणि शेवटचा भाग फेरीवाल्यांचा आहे. काहींना ही भेसळ वाटेल. पण या रस्त्यावर दगड आणि माणूस वेगळे काढायला गेलो तर हातात नुसती चित्रे उरतात.

शेवटी एक मागणी. वारसा नियमावली दर्शनी भाग राखते, भाडे कायदा भाडेकरूला राखतो, 2014चा पथविक्रेता कायदा फेरीवाल्याला राखतो. हे तीनही कायदे ज्या कमानींखाली एकमेकांना भेटतात, त्या वाटेची जबाबदारी मात्र एकाही कायद्याने कोणावर टाकलेली नाही. तिची फरशी कोण सपाट करणार, छताला गळती लागली तर पैसे कोण भरणार, चालणाऱ्यासाठी किती रुंदी सोडायची आणि विकणाऱ्यासाठी किती, हे मालक, भाडेकरू, फेरीवाले आणि महापालिका यांनी एकत्र बसून ठरवावे लागेल. पाट्यांच्या बाबतीत या रस्त्याने हे एकदा करून दाखवले आहे. 1896 साली एका नियमाने ही वाट जन्माला घातली. ती टिकवायची तर तितकाच स्पष्ट, तितकाच व्यवहारी दुसरा नियम लागेल. तो करायला जे बसतील त्यांच्या टेबलावर हे पुस्तक संदर्भासाठी उपयोगी पडले, तर ते लिहिण्यामागचा हेतू पुरा झाला असे मी समजेन.